गुणगुण

अकरा शनिवार झाले, ॲम्प्लिफायर उघडाच आहे.
वकीलवाडीत, माझ्या दुकानाच्या माळ्यावर
प्रयोगशाळेतल्या बेडकासारखा उताणा,
आणि त्याच्या स्पीकरमधून एक गुणगुण
ना भुंग्याची, ना झोपलेल्या माणसाची,
मधलीच काहीतरी.

"अर्थिंग!" क्षेमकल्याणी म्हणतात.
तीस वर्षं ओझरला विमानांच्या तारा बांधल्या त्यांनी.
"सगळ्या जमिनी एका बिंदूला या. एकाच!
हे काय, गंगेवरचा बुधवारचा बाजार,
जागा दिसली की पसरली पथारी?"
"उडवायचंय का हे आपल्याला?" शकील मणियार विचारतो,
दातात सोल्डरची तार धरून.
शिसं पोटात जातं, दोंदेबाई दर शनिवारी सांगतात.
वीस हजार टीव्ही केले, तो दर शनिवारी सांगतो,
अजून दोन आणि दोन चारच होतात माझे.
"पाच," थेटे म्हणतात, मान वर न करता.

थेट्यांचं दुखणं म्हणजे एकलहरे.
केंद्रात होते, कंट्रोल रूमला,
त्यामुळे पन्नास सायकलचा आवाज कुठेही आला
की सगळे त्यांच्याकडे बघतात,
जणू स्वतःच्या हाताने फिरवून पाठवलाय.
"माझ्याकडून निघायचा तो शुद्ध," ते दुखावून म्हणतात,
"वाटेत तुम्ही काय मिसळलंत ते बघा."

फिल्टरला चार हजार सातशेचा कंडेन्सर पुरे, की दहा हजारचा,
यावरून दोन शनिवार अबोला.
अबोला म्हणजे बोलायचे, पण माझ्यामार्फत.
"बाईंना सांगा, कंडेन्सर आहे, पाण्याची टाकी नाही."
"त्यांना सांगा, टाकीच आहे. पॉलिटेक्निकात
चोवीस बॅचेसना हेच शिकवलं मी."
मी सांगायचो. मधे भज्यांचा कागद ठेवायचो.
तेलाचा डाग सर्किटच्या नकाशावर
नेमका ट्रान्सफॉर्मरवर पडला, तर शकील म्हणे, संकेत.
क्षेमकल्याणी म्हणे, तेल.
त्यातही अर्धा तास गेला.

आता माझं सांगतो.
तिसऱ्या शनिवारीच, सगळे उतरून गेल्यावर
मी आधी पंखा बंद केला, ॲम्प्लिफायर नंतर.
त्या दोन बटणांच्या मधल्या क्षणात
गुणगुण नव्हती.
खालच्या गल्लीत कुणीतरी शटर ओढलं ते ऐकू आलं,
मग कुलूप, मग किल्ल्या खिशात गेल्या तेसुद्धा.

पंख्याचा रेग्युलेटर.
मीच बसवलेला दिवाळीत, नव्या पद्धतीचा, गोल बटणाचा,
कारण जुना ठोकळा तापायचा.
तापायचा, पण गप्प असायचा बिचारा.

चौथ्या शनिवारी सांगणारच होतो.
पण शकीलने अंबडच्या भंगारातून
दोन किलोचा ट्रान्सफॉर्मर आणला होता, सायकलला बांधून,
आणि तो आडवा ठेवावा की उभा
यावर चार डोकी एका टेबलावर इतकी वाकली होती
की कुणाचा टक्कल कुणाचा, कळेना.
म्हटलं, पुढच्या वेळी.

आज दोंदेबाईंनी ऑसिलोस्कोप आणला,
रिक्षातून, मांडीवर, जुन्या शालीत गुंडाळून.
हिरवी रेघ उमटली,
आणि तिच्या अंगावर काटे,
बारीक, टोकदार, सेकंदाला शंभर.
बाईंनी ते पाहिले.
मग वर पाहिलं, पंख्याकडे.
मग भिंतीवरच्या गोल बटणाकडे.
मग माझ्याकडे. चष्म्याच्या वरून.

"काय दिसतंय?" क्षेमकल्याणी. "अर्थिंगच ना?"
"एकलहरे," शकील.
"तुझं कच्चं सोल्डरिंग," थेटे.

बाईंनी स्कोपची कळ जराशी फिरवली.
काटे विरघळले, रेघ जाड झाली, शेवाळासारखी.
"स्पष्ट नाही," त्या म्हणाल्या.
"पुढच्या शनिवारी दुसरा प्रोब आणते.
आणि तो पंखा वाढवा हो जरा,
किती उकडतंय."