वीस बायका, एकवीस चिठ्ठ्या

त्या प्रथिनाला नाव आहे, अक्षरं आणि आकडे,
टॅक्सीच्या नंबरासारखं.
आईशी बोलताना मी त्याला दवंडीवाला म्हणते.
विषाणू एका पेशीत शिरला की
हा शेजारच्या दारांवर थापा मारत सुटतो,
कड्या लावा, कड्या लावा.

मोरेश्वरच्या रक्तात तो फार होता.
सतरा नंबरची खाट, तिसरी रात्र,
रिपोर्टवरचा आकडा रकान्यात मावत नव्हता.
पण आग असते तिथे बंबवाले दिसणारच.
म्हणून काय आग त्यांनी लावली?

हा प्रश्न घेऊन मी सहा वर्षं
परळला, चौथ्या मजल्यावर, उणे ऐंशीच्या फ्रीझरशेजारी बसते,
मे महिन्यात स्वेटर घालून.

आई म्हणते, आजारी माणसांचंच रक्त बघ की.
त्यानं भागत नाही, आई.
कोण कुठे राहतो, किती धूर गिळला,
दवाखान्यात किती उशिरा आला,
मांज्याचा गुंता नुसता.
एक टोक ओढलं की दुसरं आवळतं.

मग मी तिला तिचाच भिशीचा डबा दाखवते.
बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाला पोचा.
वीस बायका, एकवीस चिठ्ठ्या,
आणि उचलायला तळमजल्यावरची झोया, वय वर्षं चार,
जिला वाचता येत नाही.
कोणाचं भाडं थकलंय, कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली,
झोयाच्या बोटांना काय पत्ता?
तसंच, म्हटलं, आपण पोटात येतो तेव्हा
कोणीतरी न बघता चिठ्ठी उचलतं :
हिचा दवंडीवाला दमदार, त्याचा घसा बसलेला.
ताप नंतर येतो. पुष्कळ नंतर.
तापाला मागे जाऊन चिठ्ठीवर खाडाखोड करता येत नाही.

एवढंच माझं शास्त्र.
हजारो चिठ्ठ्या उलगडायच्या, दोन ढीग करायचे,
आणि मोजायचं, व्हेंटिलेटरपर्यंत कोण पोचलं.
मधे सर्व्हर बंद पडतो. मधे निधी संपतो.

गेल्या गुरुवारी आकडे आले.
दवंडीवाल्यावरचा आळ खोटा.
दमदार घशाची माणसं जास्त वाचली होती.
थोडीशीच. पण चारदा मोजलं, वाचली होती.

आई वाटाणे सोलत होती.
म्हणाली, म्हणजे तो बिचारा ओरडतच होता.
आणि बऱ्याच वेळानं :
मोऱ्याची चिठ्ठी कोणाकडून आली गं?
माझ्याकडून, की ह्यांच्या?

फ्रीझरमध्ये त्याची नळी आहे. शेजारी माझी.
दोन्ही मी उघडलेल्या नाहीत.
हजारांचं सांगता येतं, आई, एकाचं नाही.
हे खरंच आहे.
तरी म्हणताना मी एक शेंग उचलली,
आणि तिच्याकडे बघितलं नाही.

एक तारखेला भिशी.
झोयानं हात घातला, ढवळला, मूठ बाहेर काढली.
आई अजून त्याच्या नावाची चिठ्ठी टाकते,
महिन्याचे पैसेही भरते.
ह्या खेपेला तीच निघाली.
बायका गप्प.
आईनं वाचली, होती तशी घडी घातली,
परत डब्यात टाकली.
"हलव गं जरा," झोयाला म्हणाली,
"नीट हलव."