दर दहा दिवसांनी

घणसोलीत आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये
श्रीखंडाचे सात डबे,
एक आइस्क्रीमचा,
आणि एक कुणाच्या तरी बारशातून आलेला, झाकण हरवलेला.
प्रत्येकावर बॉलपेननं तारीख.
पाणी तारखा पुसतं, मामा परत लिहितात.

मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानू भिलारे,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकतीस वर्षं लसणाच्या गोण्या वाहिलेला माणूस.
आत्या सांगतात, लग्नानंतर वर्षभर त्यांना वाटायचं
या माणसाला घामच लसणाचा येतो.
रेशनच्या दुकानातलं मशीन मामांना ओळखत नाही.
अंगठ्यावर रेघाच उरल्या नाहीत,
सुतळीनं नेल्या.
आता ते गोणी उचलत नाहीत.
एक पाकळी उचलतात, चिमटीत,
जिवंत किडा धरल्यासारखी.

नाक वर, बूड खाली,
अंगठ्याच्या पेराएवढं खोल.
पहिल्यांदा मी घाईत उलटी खोचली, तर म्हणाले,
"उगवंल गं, उलटीबी उगवंल,
पर निम्मा जीव वळण्यातच जाईल तिचा."
आणि काढून सरळ केली.

दर दहा दिवसांनी एक डबा.
या डब्यातली पात कापायला येते
तेव्हा पलीकडच्यातले कोंब तळहाताला नुसते टोचतात.
मुळापासून कापायची नाही, दोन बोटं ठेवायची.
पहिली कापणी चटणीला,
दुसरी पिठल्यावर,
तिसरी केसासारखी, कशालाच पुरत नाही,
ती मामा उभ्याउभ्या चावून खातात.
मग पाकळी दाबून बघतात.
पोकळ लागली की म्हणतात, "हिचं झालं."

मे महिन्यात लसूण उगवायला राजी नसतो.
मामा पाकळ्या ओल्या फडक्यात बांधून
फ्रिजमध्ये ठेवतात, दह्याच्या पातेल्यामागे, पंधरा दिवस.
"त्याला सांगायचं, थंडी पडली."
बाहेर ठाणे-बेलापूर रोडचं डांबर चपलेला चिकटतंय
आणि आत लसूण बसलाय, पौष समजून.
इतकं साधं खोटं
मला आजवर कुणाला पटवता आलेलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या पात्रो वहिनींनी
कपड्यांवर पाणी गळतं म्हणून सोसायटीत अर्ज दिला.
मामांनी डब्यांखाली जुन्या थाळ्या सरकवल्या,
एक जुडी खाली पाठवली.
अर्ज त्यांनी मागे घेतला नाही.
जुडी मात्र दर रविवारी मागतात.

सप्टेंबरात मामांचा मणका.
वाशीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन, बारा दिवस.
स्ट्रेचरवर घेताना मुलाशी पैशांचं बोलले नाहीत,
आत्यांकडे बघितलं, आणि मला म्हणाले,
"हर्षदे, वीस तारखेचा डबा."
घरी येऊन शोधला.
माती भरलेली, चाळलेली, तारीख लिहिलेली,
आत काहीच नाही.

वीस तारखेला साडेपाचला उठले.
चहा उकळेपर्यंत
गड्डी फोडली, बारक्या पाकळ्या फोडणीला बाजूला काढल्या,
जाड चौदा निवडल्या.
अंगठ्यानं भोकं पाडली.
खालच्या दोरीवर वहिनींची चादर होती,
म्हणून पाणी वाटीनं घातलं, थेंबाथेंबानं.

महापेला कंपनीच्या गेटवर
अंगठा ठेवला, मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
नखाच्या कडेला माती, रेघांत माती.
ओढणीला पुसला, ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग, मागे कुणीतरी घड्याळ बघतंय.
मला मामांचा गुळगुळीत अंगठा आठवला,
रेशनवाल्याच्या काचेवर
तीन तीनदा दाबलेला.

चार मिनिटं उशीर लागला.
वास जेवणाच्या सुट्टीपर्यंत हाताला होता.
तेव्हा फोन करून सांगितलं,
लावले, चौदा लावले.
पलीकडे सलाइनच्या स्टँडची चाकं वाजली,
नर्स काहीतरी ओरडली,
मग मामांचा आवाज, औषधानं जडावलेला.

"नाक वर ना?"