थप्पी

तुर्भ्याच्या रात्रीच्या कॉलेजात, पावणेआठच्या तासाला
मी फळ्यावर तीन टिंबं काढते.
म्हणजे ‘म्हणून’, मी सांगते.
मागच्या बाकावरून हणमंत शेलार,
वय त्रेचाळीस, अकरावी कला,
मानेवर गोणीचा जुना घट्टा,
म्हणतो, बाई, ही तर थप्पी.
दोन खाली, एक वर.

मग मी लिहिते:
सगळे फ्लेमिंगो माथाडी असतात.
हणमंत फ्लेमिंगो आहे.
म्हणून हणमंत माथाडी आहे.
वर्ग फुटतो. कांदा-बटाटा मार्केटातली पोरं
एका पायावर उभी राहून दाखवतात.
हणमंत एकटा हसत नाही, बोटं मोजतो:
खालच्या दोन्ही खोट्या. वरची खरी.
आणि रचना?
रचना चोख, मी म्हणते.
खालच्या खऱ्या असत्या, तर वरची ढळलीच नसती.
वैध म्हणजे एवढंच.
गोणीत कांदा आहे की भुसा
ते तर्कशास्त्र टाके उसवून बघत नाही.

तास सुटल्यावर तो जिन्यात उभा.
पोरगा चाकणला गेलाय, तीन आठवडे झाले.
“चिडला असला की फोन उचलत नाही.
उचलत नाहीये.
म्हणून चिडलाय.”
डबा पिशवीत कोंबत मी म्हणते, नाही निघत.
रात्रपाळी असेल. मोबाइल लॉकरात असेल.
“म्हणजे चिडलेला नाही?”
तेही नाही निघत.
त्याच्या चेहऱ्यावरून एक ट्रक
रिव्हर्समध्ये जातो.

“मग निघतं तरी काय?”
उचलला, तर निघेल.
चिडला असता तर उचलला नसता;
उचलला; म्हणून चिडलेला नाही.
हा आकार पक्का. डोळे मिटून पाय टाका.

तो तिथंच लावतो, स्पीकरवर.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंटेनरची रांग,
चार रिंगा. पाच. मीही मोजतेय.
“काय आहे?”
आणि मग सात मिनिटं, माझ्यादेखत,
पोरगा बापाला सोलून काढतो:
न विचारता विकलेली मोटरसायकल,
न विचारता पाहिलेली मुलगी,
आईच्या वर्षश्राद्धाला आणलेली
ती तसली जिलेबी.

हणमंत फोन वरच्या खिशात ठेवतो,
बटण लावतो, पुन्हा चाचपून बघतो.
डोळे भरलेत, मिशीत मात्र हसू मावत नाही.
“बाई, थप्पी तुम्ही बरोबर लावली होती.
खालची एक गोणीच
फाटकी निघाली.”