हात राखून

नोव्हेंबर सरला की क्लिअरवॉटरच्या खोऱ्यात
लाकूडतोडे डोंगर उतरतात
आणि त्यांच्या करवती माझ्या बाकावर येऊन पडतात,
राळेनं काळ्या पडलेल्या,
भुशानं नाकं चोंदलेली.
मागणं एकच :
वर्लीन, हिला जरा धावती कर.

जरा म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

मी सिलिंडर पुन्हा बसवण्याआधी
पिस्टनच्या माथ्यावर सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवते,
हातानं एक फेरा देते.
चेपलेली तार सांगते वर किती जागा उरली.
बुडाचं गॅस्केट काढून टाकलं
की सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली बसतो,
कोंडमारा वाढतो,
आणि कोंडमाऱ्यातून जोर येतो.
(इंजिनाबद्दल बोलतेय मी.
माणसांचं उलट पाहिलंय.)

मग धुराची वाट रुंद करायची.
दंतवैद्याकडे असते तसली बारीक भिंगरी,
श्वास रोखून.
कडा गोल घासायच्या,
नाहीतर रिंग तिथं अडकते,
आणि मिनिटाला तेरा हजार फेऱ्या असताना
तुटायला तिला त्यातला एकच पुरतो.

वडिलांनी चाळीस वर्षं हेच केलं.
शेवटी शेवटी त्यांना करवत ऐकूच यायची नाही.
बाकावर डावा तळहात पसरून
उजव्यानं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचे,
पाव आटा, मग जवभर मागे,
आणि हात उचलून म्हणायचे,
झाला हिचा घसा मोकळा.

मंगळवारी डेलन पकेट आला.
थोरल्या भावाची करवत, ब्रायरची,
तुझ्याच बापानं केलेली, म्हणाला.
ब्रायर तिच्यावर सात जत्रा लढला
आणि सातही वेळा दुसरा आला.
कधी साखळीला दोष दिला, कधी ओल्या लाकडाला,
एकदा तर पंचाच्या घड्याळाला.
आता शाळेची बस चालवतो.

मी वही काढली. वडिलांचं अक्षर :
धुराची वाट शंभर अंशांवर उघडते.
आणि पुढे, मला कधीच न उमगलेलं,
पैसे निम्मेच घेतले.

क्रँकशाफ्टवर अंशांची चकती लावली.
फिरवली. पुन्हा फिरवली.
एकशे सहा.
कारखान्यातून आली तेव्हा होती
त्याहून तसूभरही पुढे नाही.
नुसती घासून चकचकीत केलेली,
सायलेन्सरला एक जास्तीचं भोक,
आवाज मोठा व्हावा म्हणून.

सिलिंडर उलटा केला तेव्हा
बुडाशी, सुईनं कोरलेलं सापडलं :
वय एकोणीस. घाई फार.
पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी वडिलांचा हात थरथरू लागला होता.

आयुष्यभर मी त्यांच्या तोंडून ऐकत आले
की हात राखून काम करणं म्हणजे चोरी.
सहा अंश. चोरलेले,
आणि बसच्या स्टिअरिंगवर ब्रायरची
दहाही बोटं.
त्याच्यामुळेच, असं मी म्हणत नाही.
म्हणायला काही पुरावा नाही माझ्याकडे.

डेलन दारात उभा, बुटांचा बर्फ झटकत,
किती निघेल हिच्यातून, विचारतो.
मी करवत पुन्हा जोडते, आहे तशीच,
त्याच्या हातात देते,
आवारातल्या पाइनच्या ओंडक्याकडे बोट दाखवते.

एक चकती काप, म्हणते.

तो दोरी ओढतो.
मी करवतीकडे बघत नाही.
पाय कुठे रोवलेत, ते बघते,
डावा कोपर ताठ आहे का,
अंगठा मुठीखालून वळसा घेतो
की नुसता वर टेकलाय,
आणि पातं लाकडातून सुटतं
त्या क्षणी
तो बोट ढिलं करतो की नाही.

भुसा बर्फावर पिवळा पडत जातो.
माझ्या खिशात भिंगरी आहे,
आणि सुई.