पाटीवर नसलेली ओळ

पाटी नरेशनं लिहिली. सातवीत आहे,
अक्षर वाकडं, पण आकडे ठसठशीत:
एक दिवसाचं पिल्लू तीस.
महिन्याचं एकशे दहा.
तलंग साडेचारशे.
कोंबडा बोलून.

कुंभारीच्या घरकुलात, पाण्याच्या पिंपावर टांगली
आणि पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं,
महिन्याभरात असं काय खाल्लं ओ यानं, ऐंशी रुपयांचं?

मी पानं कातरत होते. हात थांबवला नाही,
बोलत बसलं की हजाराचा हिशेब मोडतो.
पण मनात उत्तर भरत गेले
पानात तंबाखू भरावी तसं.

कण्या. कडक भाकरीचा चुरा,
तो फुकट म्हणू नका, भाकरी आमच्याच ताटातली.
साठच्या बल्बाच्या सतरा रात्री,
सोलापुरातही गारठतं हे बाहेरच्याला पटत नाही.
पाचव्या दिवशी येणाऱ्या नळाचं पाणी.
एक घार.
बिस्मिल्लाबीचं मांजर, ज्याचं नाव
तिच्यासमोर आम्ही अजून घेत नाही.
मानमोडीची लस: बाटली शंभर पिल्लांची,
माझी अकरा,
उरलेली सगळ्या गल्लीच्या पिल्लांच्या डोळ्यांत
एकेक थेंब.
आणि अकरातली चार, ज्यांना महिना भरला नाही,
त्यांनीही खाल्लंच की मरेपर्यंत.
त्यांचे पैसे कुणाला मागू?
जगलेल्यांच्याच अंगावर चढवले.

तीन महिन्यांचं पाटीवर नाही.
सासू सांगायची, त्या वयात विकू नको,
ना पिल्लू, ना कोंबडी,
गिऱ्हाईक दोन्हीकडून पाडून मागतं.
त्याच वयात माझ्या मांडीवर सूप आलं होतं.
राजव्वा बोलायची कोंबड्यांबद्दलच,
मी ऐकत होते आपलं.

तलंगेचा तुरा लाल झालाय,
हाडांत दोन बोटं बसतात, आठवड्यात अंडं देईल.
साडेचारशे म्हणजे दोन हजार विड्या,
छाट निघाली तर वर अजून शंभर-दोनशे.
एवढं वळून मग अंडी दुसऱ्याच्या घरी.
म्हणून तिच्या भावात मी
थोडा राग पण धरलाय, दहा-वीस रुपयांचा.

गिऱ्हाईक खुराड्यात वाकलं.
आणि ही?

ही शेंदरी. पाच वर्षांची.
एका डोळ्यानं कमी बघते,
अंडी कधीतरी, मनात आलं तर.
पण वर्षातून दोनदा खुडूक होते
आणि गल्ली अंडी घेऊन दारात.
पोटाखाली कुणाचंही सारा, एकवीस दिवस हलत नाही,
एकदा बदकाची बसवली, तीही उबवली,
मग ती गटारीत पोहायला लागल्यावर
काठावरनं दिवसभर ओरडत फिरली.

दीडशे देतो, तो म्हणाला, रश्शाला बरी.

बाराशे, मी म्हणाले.
कातरीसुद्धा थांबली तेव्हा.

हसला. पाटी परत वाचली.
महिन्याची दोन घेऊन गेला दोनशेला,
वीस सोडले मी, हसण्याचे.

दिवेलागणीला डालगं झाकताना
शेंदरी उरलेल्या पाचांवर पंख टाकत होती.
पाच की सात, तिचं काही चुकल्यासारखं दिसलं नाही.
मी मात्र दोनदा मोजली.

नरेश खडू घेऊन उभा.
आई, खाली जागा आहे. लिहू का, म्हातारी बाराशे?

नको बाबा.
लिहिलंस तर एखादा देईलही.