जहाल, मवाळ

परभणी. कॉलेजमागची पत्र्याची खोली.
सकाळी सहा, गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत.
डाव्या कप्प्यात सहा पिलं, उजव्या कप्प्यात सहा,
कानात बिल्ले. नावं ठेवायची नाहीत,
हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.

डावीकडे गंगाखेडचा विषाणू, उजवीकडे सेलूचा.
एक जहाल, एक मवाळ.
शाळेत इतिहासाच्या पेपरला पाठ केलेले शब्द
इथे उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये,
बर्फाची बुरशी चढलेल्या नळ्यांवर.

तक्ता सोपा. शून्य ते तीन.
ताप, भूक, चाल, कानांचा रंग.
एकशे सहा पॉइंट दोन. भरडा तसाच पडलेला.
मागचे पाय एकमेकांत अडकतात,
बाजारातून पिऊन परतणाऱ्या माणसासारखे.
कान जांभळे, असं मी लिहिलं.
खरं तर जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसे,
पण त्याला रकाना नाही.

नवव्या दिवशी डावीकडे दोन उरली.
बाराव्या दिवशी चुन्याचा वास.
उजवीकडे सहाच्या सहा: एक दिवस कणकण,
मग पुन्हा हौदीवर ढकलाढकली.
मॅडमनी रेघ ओढली. गंगाखेड अकरा, सेलू दोन.
‘बघ, केवढा फरक!’ म्हणाल्या,
आणि डब्यातली सुशीला माझ्यापुढे सरकवली.

रविवारी मानवत रोडला गेलो, खाणीपल्याडच्या वस्तीत.
यल्लव्वा आत्याला सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच.
ती तंबाखू मळत ऐकत होती.

‘आमच्यात दोनच नावं हायेत. जळती आन् कुजती.
जळती येती, खुराडं धुऊन नेती, पंधरवड्यात जाती.
रडून मोकळं. चुना मारला की झालं.
कुजती लई गुणाची, नागेश. दिसतच न्हाई.
डुकरीण खाती-पिती, काट्यावर वजनाला भरती,
कोण म्हणंल आजारी हाय? मीबी न्हाई म्हणले.
एक गाभण इकली जवळाबाजारला.
एक दिली बोरीला, पोरीच्या सासरी, हौसेनं.
मग वेतं झाली.
बोरीची नऊच्या नऊ थरथरत पडली,
आचळ तोंडात धरता येईना.
जवळ्याची अकरा.
माझ्या हातानं वाटलं बग मी. पेढे वाटल्यावानी.’

थुंकून आली. पदरानं तोंड पुसलं.
‘तुज्या कागदावर थरथरीला किती मार्क?’

मी म्हणालो, एकविसाव्या दिवशी प्रयोग संपतो.

‘आस्सं,’ म्हणाली,
आणि शिळी भाकर कुस्करायला बसली,
कुणासाठी ते मी विचारलं नाही.

सोळावा दिवस. लाइट गेलेली, जनरेटरची घरघर.
उजव्या कप्प्यातली दोनशे चौदा धावत येते,
माझ्या बुटाची कड चावते, शेपूट पिळून उभी राहते.
ताप शून्य. भूक शून्य, म्हणजे उत्तम.
चाल शून्य. कान शून्य,
ट्यूबलाइट लागली तर अगदी गुलाबी.

खाली ‘शेरा’ म्हणून दोन बोटं जागा असते.
रोज मी तिथं आडवी रेघ मारतो.
आज इंग्रजीत काय लिहावं सुचेना,
म्हणून मराठीत लिहिलं:
अजून मोजलेलं नाही.

संध्याकाळी तक्ता परत आला.
खाली मॅडमच्या लाल पेनानं,
लहान अक्षरात:
काय?