तबकडी दिसेनाशी होते तिथे

सभा दहाची. साडेदहापर्यंत टेबलाचाच वाद :
गोल हवं की लांब, कोण खिडकीकडे, कोण भिंतीकडे.
अखेर दोन लांब टेबलं जोडली
आणि मधल्या फटीपाशी माझी खुर्ची आली.
मी दुभाषी. माझं कामच फटीतलं.

ओह्रिदचं तळं खिडकीत होतं, निवांत,
आपल्याबद्दल काही चाललंय याची त्याला
गंधवार्ता नाही.

डॉक्टर ब्लागोरोद्ना आकडे वाचतात. फॉस्फरस,
एका लिटरमागे अमुक, दहा वर्षांपूर्वी तमुक.
आवाज असा, की ताप मोजून
थर्मामीटर झटकते आहे आई.
समोरून फात्बार्ध : आमच्या काठाला एवढा निघत नाही.
तुम्ही पाणी गाळून तपासता की न गाळता?
न गाळता.
आम्ही गाळून.
मग शांतता. कॉफीचे कप.
दोघांचंही खरं होतं. मला ते दोन्ही भाषांत सांगता आलं असतं,
पण दुभाषाने आपलं वाक्य बोलू नये
असं माझ्या करारात आहे, कलम चार.

मग मासा आला.
पोग्रादेत्सला त्याला कोरान म्हणतात, इकडे पास्त्रम्का.
ठिपके तेच, काटे तेच, लिंबू पिळून खायची रीत तीच.
ठरावात कुठलं नाव आधी, यावर वीस मिनिटं.
शेवटी लॅटिन घातलं.
लॅटिनमध्ये कुणी जेवत नाही,
म्हणून कुणाची हरकत नव्हती.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं फात्बार्ध म्हणाला,
आणि ते अगदी शब्दशः खरं निघालं :
डोंगरापलीकडचं, उंचावरचं प्रेस्पा
चुनखडीच्या पोटातून झिरपत झिरपत
इथल्या झऱ्यांत उगवतं, पासपोर्टशिवाय.
त्याच्या काठाला सफरचंदांच्या बागा, बागांना खतं.
त्या तळ्याचा तिसरा धनी आज आला नव्हता.
त्याची पाटी होती, पेन होतं,
बाटलीचं झाकण न फिरवलेलं.
तिच्याकडे बघून दोघं प्रथमच
एका सुरात खाकरले.

दुपारी होडीतून निघालो. स्पासेची होडी,
तिला डिझेलचा वास, तळाशी कांद्याची सालं.
सीमा कुठे आहे हो? मी सहज विचारलं.
स्पासेने इंजिन बंद केलं, हनुवटीने दाखवलं :
मघाशी इथेच होती.
आता वाहवत आलोय आपण जरा.

पांढरी-काळी तबकडी दोरीने खाली सोडली.
ती दिसेनाशी होईल तिथली खूण वाचायची,
एवढंच शास्त्र. दीडशे वर्षांत
याहून स्वस्त काही निघालं नाही.
दोघंही एकाच कडेला वाकले. होडी कलली.
एकाने पलीकडे बसा, स्पासे ओरडला.
मी दोन्ही भाषांत सांगितलं. कुणी हललं नाही.
गेली पाच वर्षं ही दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात,
आज खरोखरच पाहत होती :
तिचा चष्मा, त्याची टोपी, लाटेत चुरगळलेले,
आणि त्यांच्या मधून खाली जाणारा
नखाएवढा पांढरेपणा.

गेला, ती म्हणाली.
अजून आहे, तो.
गेला.
थांबा. हो. गेला.
हे मला सांगावं लागलं नाही.
दोरीवर तेरावी गाठ होती, तिच्या बोटांत,
आणि त्याच्याही.

वर घेतलेली तबकडी ठेवायला जागा नव्हती
म्हणून मी मांडीवर घेतली.

संध्याकाळी इतिवृत्त लिहिलं.
पारदर्शकता : तेरा मीटर, तात्पुरती.
फॉस्फरस : पद्धतीबाबत मतभेद कायम.
तिसऱ्या पक्षास स्मरणपत्र पाठवावे.
पुढील बैठक पलीकडच्या काठावर,
टेबल गोल असावे.
एवढं टाईप होईतो माझ्या स्कर्टवरचा
ओला गोल वाळला नव्हता.
कुठल्या बाजूचा, ते लिहायला
रकाना नव्हता.